आधी कड बघा

सकाळी ६.३०

काल अंधार पडता पडता आलेली दोन पार्सलं रात्रभर तशीच बंद ठेवली होती. बाहेर उणे एकवीस अंश. दिवसभर पोस्टाच्या गाडीत गारठलेलं नाणं घरात आणून लगेच उघडलं तर हवेतलं बाष्प त्याच्यावर धरतं, आणि प्रूफ नाण्याच्या आरशासारख्या अंगावर थेंब वाळला की डाग कायमचा बसतो. म्हणून मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या हिवाळ्यात पार्सल आधी घराच्या उबेला येऊ द्यायचं, मग कात्री लावायची. नवऱ्याला हे माझं सोवळं वाटतं. वाटो.

चहा उकळेपर्यंत चांदीचा भाव बघते. माझ्या कामात त्याचा संबंध थोड्याच नाण्यांशी येतो. मी बघते ती १९७१ नंतरची अमेरिकन डॉलर नाणी, आणि त्यांतल्या बहुतेकांत चांदीचा कणही नाही. तांबं, निकेल, जस्त, मँगनीज. धातूला मोल नाही, वय म्हणावं इतकं वय नाही, आणि तरी लोक ती मखमली डबीतून घेऊन येतात.

जुन्या नाण्यांना भाव येतो तो लोकांनी ती खर्च केली, झिजवली, वितळवली म्हणून. मागे चार उरतात, त्या चारांची किंमत. डॉलरच्या नाण्याचं उलटं झालं. कॅनडाने १९८७ साली डॉलरचं नाणं काढलं आणि दोन वर्षांनी नोट बंद केली, म्हणून तिथे ते चाललं. अमेरिकेने नोट छापणं कधी थांबवलंच नाही. त्यामुळे ज्याच्या हाती नाणं आलं त्याने ते पुढेमागे भाव येईल म्हणून खणात टाकलं. सगळ्यांनीच खणात टाकलं तर भाव यायचा कुठून? माझं निम्मं काम हे सांगण्याचं आहे. उरलेलं निम्मं, त्या खणांतून निघणारं एखादं वेगळं नाणं ओळखण्याचं.

सकाळी ८.००

टेबलावर पिवळ्या उजेडाचा दिवा, भिंग, शतांश ग्रॅम दाखवणारा काटा, व्यास मोजायला व्हर्नियर आणि खाली मऊ कापड. नाणं हातून पडलं तर कापडावर पडावं, काचेवर नाही.

बँकेतून मागवलेली पेटी फोडते. पंचवीस नाण्यांचा एक रोल. कागद सोडायचा, नाणी आडवी रांगेत लावायची आणि नजर फक्त कडांवरून फिरवायची. अध्यक्षांचे चेहरे बघण्यात वेळ घालवायचा नाही. २००७ साली सुरू झालेल्या या डॉलरांवर साल, टांकसाळीचं अक्षर आणि बोधवचन कडेवर आहे, आणि ही अक्षरं नाणं पाडून झाल्यावर वेगळ्या यंत्रात उमटवली जात. १५ फेब्रुवारी २००७ ला जॉर्ज वॉशिंग्टनचं पहिलं नाणं बाजारात आलं, आणि काही आठवड्यांतच कळलं की फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून हजारो नाणी त्या यंत्राला न शिवताच बाहेर पडली आहेत. कड साफ गुळगुळीत. ‘इन गॉड वुई ट्रस्ट’ हे वचन कडेवरच होतं, तेही गेलं. वर्तमानपत्रांनी ‘देव नसलेला डॉलर’ म्हणून ते गाजवलं. २००९ पासून ते वचन कडेवरून समोर, चेहऱ्याशेजारी आणलं गेलं.

त्या गुळगुळीत वॉशिंग्टनला पहिल्या दिवसांत शेकडो डॉलर मिळाले. मग ते सापडतच गेले, सापडतच गेले, आणि भाव जो उतरला तो आज दोघांच्या साध्या जेवणाच्या बिलापर्यंत येऊन थांबलाय. चूक खरी होती, पण हजारो वेळा झालेली होती. जॉन अॅडम्सच्या नाण्यावर कडेची अक्षरं दोनदा उमटल्याचे प्रकार झाले. त्यांचंही थोड्याफार फरकाने हेच.

यावर एक पोटधंदा उभा राहिला. कड घासून गुळगुळीत करायची आणि ‘चुकीचं नाणं’ म्हणून विकायचं. त्यासाठी काटा. डॉलर ८.१ ग्रॅमचा, व्यास २६.५ मिलिमीटर. अक्षरं कडेत खोल दाबलेली असतात. ती नाहीशी करायची तर धातू काढावाच लागतो, आणि काढला की वजन आणि व्यास दोन्ही चुगली करतात. दुसरा प्रकार आणखी निलाजरा. कडेवरची अक्षरं काही नाण्यांवर सुलट, काहींवर उलट असतात, कारण नाणी त्या यंत्रात कशीही पडत. जवळपास निम्मी अशी, निम्मी तशी. तरी कुणीतरी ‘उलट्या अक्षरांचा दुर्मीळ डॉलर’ घेऊन येतोच.

आजच्या पेटीत काही नाही. हे अपेक्षितच. २०११ च्या डिसेंबरात सरकारने हे डॉलर चलनासाठी पाडणं बंद केलं, तेव्हा फेडरल रिझर्व्हच्या तिजोऱ्यांत १.४ अब्ज नाणी पडून होती. त्याआधी लोकांनी नाणी वापरावीत म्हणून टांकसाळ दर्शनी किमतीला, पोस्टखर्चही न लावता, घरपोच डॉलर पाठवायची. लोक काय करायचे, तर क्रेडिट कार्डावर हजारोंची नाणी मागवायची, पेट्या न फोडता बँकेत भरायच्या, कार्डाचं बिल चुकतं करायचं आणि विमानप्रवासाचे पॉइंट खिशात टाकायचे. टांकसाळीने शेवटी २०११ च्या जुलैमध्ये क्रेडिट कार्ड घेणंच बंद केलं. माझ्या पेटीतल्या कित्येक नाण्यांनी या निमित्ताने देशभर प्रवास केला असेल. मालक मात्र फुकटात हवाईला जाऊन आले.

सकाळी ९.३०

स्टेअरिंग लेकच्या बाजूला राहणाऱ्या एक बाई कॉफीचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. वडील गेले, घर विकायचंय, तळघरात हा डबा निघाला. उचलतानाच कळलं की आयझेनहॉवर डॉलर. दुसऱ्या कुठल्याही आधुनिक नाण्याने डब्याला एवढा भार येत नाही.

१९७१ ते १९७८ या काळातला हा मोठा डॉलर, ३८.१ मिलिमीटर. एका बाजूला आयझेनहॉवर, दुसऱ्या बाजूला चंद्रावर उतरणारा गरुड. अपोलो ११ चं बोधचिन्ह. फ्रँक गॅस्पारोचं काम. खिशात कुणी बाळगला नाही, पण नेव्हाडाच्या जुगारघरांत धो धो फिरला. बाईंना मी आधीच सांगितलं, की यातली बहुतेक एकेक डॉलरची आहेत. असं आधी सांगितलेलं बरं असतं. शेवटी सांगितलं तर माणसाला वाटतं, हिने काहीतरी दडवलं.

पहिली वाटणी कडेवरून. साध्या नाण्याच्या कडेला तांब्याची लाल रेघ दिसते. सॅन फ्रान्सिस्कोला संग्राहकांसाठी पाडलेल्या काही नाण्यांत ४० टक्के चांदी, तिथे ती रेघ फिकट करडी. पण ती चांदीची नाणी निळ्या पाकिटातून किंवा तपकिरी डबीतून विकली गेली, कॉफीच्या डब्यात सहसा येत नाहीत. तरीही मी डेन्व्हरच्या ‘डी’ अक्षराची सगळी नाणी काट्यावर ठेवते. साधं नाणं २२.६८ ग्रॅम, चांदीचं २४.५९. डेन्व्हरला १९७४ आणि १९७७ ची काही मोजकी नाणी चुकून चांदीच्या चकत्यांवर पाडली गेली आहेत, आणि त्यांना मोठी किंमत येते. दोन ग्रॅमचा फरक हाताला कळत नाही. काट्याला कळतो. बाईंच्या डब्यातलं एकही नाणं चोवीसच्या वर गेलं नाही.

दुसरी चाळणी १९७२ ची. फिलाडेल्फियाच्या त्या सालच्या नाण्यात गरुडाच्या डोक्यावर जी पृथ्वी आहे, ती तीन तऱ्हांची आढळते. पहिल्या तऱ्हेत पृथ्वीचा गोल डाव्या बाजूला वरती चेपल्यासारखा. तिसरीत गोल पुरा आणि फ्लोरिडाखालची बेटं स्पष्ट. दुसऱ्या तऱ्हेत गोल पुरा, पण बेटं फिसकटलेली. ही दुसरी हवी असते, कारण ती थोडी निघाली. भिंगाखाली एकेक नाणं धरत बसले. बाई एव्हाना वडिलांबद्दल बोलत होत्या. ते लास वेगासला जायचे तेव्हा उरलेले डॉलर परत आणायचे, ‘हरलो नाही याचा पुरावा’ म्हणून. बेटं बघता बघता ऐकत राहिले.

एक १९७३ चं नाणं निघालं. त्या सालचे फिलाडेल्फिया आणि डेन्व्हरचे डॉलर चलनात सोडलेच नव्हते. टांकसाळीच्या वार्षिक संचातूनच मिळत. म्हणजे कुणीतरी संच फोडून ते खर्च केलं होतं. अंगावर ओरखडे भरपूर, पण दर्शनी किमतीपेक्षा थोडं वर. दुसऱ्या तऱ्हेचं १९७२ एक सापडलं, झिजलेलं. १९७६ च्या स्वातंत्र्य-द्विशताब्दीच्या नाण्यांत जाड अक्षरांची आणि बारीक अक्षरांची अशा दोन जाती असतात. जाड अक्षरांचं नाणं निष्कलंक असेल तर लोक त्यासाठी भांडतात. बाईंकडची जाड अक्षरांची होती, निष्कलंक नव्हती. एवढं मोठं, जड नाणं टांकसाळीच्या पिंपांत एकमेकांवर आपटतच बाहेर पडायचं, त्यामुळे आयझेनहॉवरच्या गालावर खड्डा नाही असं नाणं मिळणं हीच मुळात दुर्मीळ गोष्ट.

दोन नाणी मी विकत घेतली. बाकीची त्यांनी परत नेली. ‘नातवंडांना एकेक देईन,’ म्हणाल्या. मी एवढंच सांगितलं की द्यायच्या आधी घासूनपुसून चकचकीत करू नका. घासलेलं नाणं तज्ज्ञ लांबून ओळखतो, आणि तिथे व्यवहार संपतो.

सकाळी ११.००

टांकसाळीच्या नव्या मालाची विक्री पूर्वेच्या घड्याळाने दुपारी बाराला उघडते, म्हणजे आमच्याकडे अकराला. आज काही घ्यायचं नाही, तरी बघते. किती वेळात काय संपलं, हीसुद्धा माहितीच असते.

२०१५ साली ट्रूमनच्या संचात एक उलट-प्रूफ डॉलर घातला होता. उलट-प्रूफ म्हणजे चित्र आरशासारखं आणि पार्श्वभूमी दुधी. एकूण १७,००० संच. काही मिनिटांत संपले, आणि तो डॉलर आजही अध्यक्षांच्या मालिकेतला मागणीचा माल आहे. तिथे ‘मर्यादित’ या शब्दाला अर्थ होता. दोन-तीन लाख नगांच्या पेटीवर तो शब्द छापला की मला हसू येतं. मी नेहमी दोन आकडे शेजारी ठेवते: किती पाडले, आणि ती मालिका पूर्ण करणारे लोक किती. दुसरा आकडा कुठे छापून येत नाही. तो अंदाज प्रदर्शनांतून फिरून, ‘मून’च्या, म्हणजे मिनेसोटाच्या नाणेसंग्राहक संघटनेच्या टेबलांवर उभं राहून येतो.

सध्याची मालिका ‘अमेरिकन इनोव्हेशन’. २०१८ ते २०३२, एकूण ५७ डॉलर, राज्यं संघात सामील झाली त्या क्रमाने वर्षाला चार. मिनेसोटा १८५८ साली सामील झालेलं बत्तिसावं राज्य, म्हणून त्याची पाळी २०२६ ची. विषय घेतलाय फिरतं शीतकरण. मिनियापोलिसच्या फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्सने ट्रकवर बसवायचं शीतयंत्र तयार केलं, त्यातून थर्मो किंग कंपनी उभी राहिली, आणि मांस, भाजी, पुढे युद्धात औषधंही शेकडो मैल टिकू लागली. या हवेत राहून गारवा तयार करणारं यंत्र शोधणाऱ्या माणसाचं मला फार कौतुक वाटतं. त्याच वर्षी आयोवाच्या डॉलरवर नॉर्मन बोरलॉग आहेत. गव्हाच्या हरितक्रांतीमुळे आपल्याकडची माणसं ते नाणं आवर्जून मागणार, हे मला आत्ताच दिसतंय. घ्या, जरूर घ्या. पण आवड म्हणून घ्या. पंचवीस डॉलरच्या रोलला टांकसाळ पंचवीसपेक्षा बरीच जास्त किंमत लावते. म्हणजे दारातच तोटा, आणि हा तोटा भरून यायला ते नाणं लोकांकडून हरवावं लागेल. कुणी हरवणार नाही.

दुपारी १२.१५

जेवायला बसणार तोच पलीकडच्या गल्लीतल्या मुलाचे वडील आले. मिरजेचे काका, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. थंडीत चालायला मिळत नाही म्हणून मॉलमध्ये फेऱ्या मारतात आणि वाटेत माझ्याकडे डोकावतात.

‘ताई, हे एकदा बघा बरं,’ म्हणत त्यांनी रुमालाची गाठ सोडली. पहिलं जाडजूड पितळी नाणं, राम-सीता-लक्ष्मण-हनुमान, मागे ईस्ट इंडिया कंपनी, १८१८. गावाकडे कुणीतरी त्यांना याचे पन्नास हजार सांगितले होते. कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही. हे भाविकांची हौस बघून नंतर ठोकलेले बिल्ले आहेत, आणि देशभर घराघरांतल्या देव्हाऱ्यांत आहेत. दुसरं काळवंडलेलं, वेडंवाकडं तांब्याचं. ती शिवराई, आणि खरी. पण दुदांडी. म्हणजे अक्षरांच्या ओळींमध्ये दोन रेघा असलेली, मराठेशाहीच्या उत्तरकाळातली. महाराजांच्या हयातीतली नाही.

‘म्हणजे चकचकीत ते खोटं आणि हे भंगार खरं?’

‘हो काका. पण ते खरं असलं तरी हजारोंनी सापडतं.’

त्यांना दुःख खोट्याचं झालं नाही, खरं असून स्वस्त असल्याचं झालं. हे मी अमेरिकन माणसांतही बघते.

मग त्यांनी कोटाच्या खिशातून पाच सोनेरी डॉलर काढले. तिकिटाच्या यंत्राने सुटे म्हणून दिले होते, आणि ते खर्च करायचा काकांना धीर होत नव्हता. ‘सोन्याचा मुलामा असणार.’ तो पिवळेपणा मँगनीज मिसळलेल्या पितळेचा. साकाजावेआचा हा डॉलर २००० सालात एकट्या त्या वर्षी सव्वा अब्जाहून जास्त पाडला. शोशोनी जमातीची ही तरुणी, पाठीवर तान्हं मूल. चित्र ग्लेना गुडेकरचं, आणि माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतलं हे सगळ्यात देखणं अमेरिकन नाणं. देखणेपणाचा भावाशी संबंध नाही, हे अजून मला सुद्धा पटायचंय. इथे ते कुणी वापरत नाही. इक्वेडोरने मात्र २००० सालीच स्वतःचं चलन सोडून डॉलर स्वीकारला, आणि तिथल्या बाजारात साकाजावेआ खुशाल फिरते. नोट मळते, फाटते, नाणं टिकतं. या नाण्याला जो संसार इथे मिळाला नाही, तो तिथे मिळाला.

‘मग याचं करू काय?’

‘खर्च करा, काका. मॉलमध्ये कॉफी घ्या.’

जाताना ते थोडे नाराज होते. पिठलं पुन्हा गरम केलं.

दुपारी २.००

१६९ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला, गोल्डन व्हॅली. जनरल मिल्सचं मुख्यालय या गावात आहे, आणि आधुनिक डॉलरांतली सगळ्यात गाजलेली गोष्ट या कंपनीच्या खोक्यांतून बाहेर पडली. २००० साल सुरू होताना टांकसाळीला नव्या डॉलरची जाहिरात हवी होती आणि कंपनीला आपल्या चिरिओज या नाश्त्याच्या पदार्थाची. एक कोटी खोक्यांत नवी कोरी एक सेंटची नाणी टाकली, आणि दर दोन हजार खोक्यांमागे एकात साकाजावेआ डॉलर. एकूण ५,५०० डॉलर टांकसाळीने त्यासाठी आधी पाडून दिले होते. नाश्त्याला बसलेल्या पोरांनी ते खर्च केले, कुणी पाकिटासकट ठेवले. पाच वर्षं कुणाच्याच लक्षात आलं नाही. २००५ साली एका संग्राहकाने भिंगातून गरुडाची शेपटी नीट पाहिली, आणि ती बाकीच्या नाण्यांसारखी नव्हती. पिसांची एकेक रेघ उठून दिसत होती. तो सुरुवातीच्या नमुन्याचा ठसा होता. पुढे टांकसाळीने तो बदलला, पण चिरिओजची नाणी आधीच पडून गेली होती. आता असं एक नाणं हजारो डॉलरांना जातं.

ज्यांच्याकडे गेले ते निवृत्त गृहस्थ. नाणं खोक्यातूनच निघालं, मुलीने स्वतः काढलं, असं त्यांना पक्कं आठवतं. पाकीट टाकून दिलेलं, नाणं स्वयंपाकघरातल्या खणात. मी त्यांना आधी साधं २००० चं नाणं दिलं आणि दोन्ही शेपट्या शेजारी शेजारी दाखवल्या. कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची वेळ येऊच नये, म्हणून हे साधं नाणं मी नेहमी बरोबर ठेवते. दोन्ही सारख्या निघाल्या, साध्या. ते बराच वेळ भिंग लावून बसले. चिरिओजच्या खोक्यातून आलेलं प्रत्येक नाणं नमुन्याच्या ठशाचंच असेल असंही धरून चालता येत नाही, हे मी सांगितलं. त्याने त्यांची आठवण खरी ठरू शकते, भाव मात्र वाढत नाही.

पण तोच खण पुरा बाहेर काढला तर त्यात १९७९ च्या सुझन अँथनी डॉलरांची मूठभर नाणी होती. अमेरिकेच्या चलनी नाण्यावर आलेली ही पहिली खरीखुरी स्त्री, स्त्रियांच्या मताधिकारासाठी आयुष्य घालवलेली, आणि तिच्या वाट्याला सगळ्यात हेटाळणी झालेलं नाणं आलं. पाव डॉलर २४.३ मिलिमीटर, हे २६.५, रंग तोच, कड तशीच दातेरी. लोक फसले, वैतागले, आणि १९८१ नंतर ते बंद पडलं. पुढे विक्रीयंत्रांसाठी १९९९ मध्ये एकदाच पुन्हा पाडलं. १९७९ च्या फिलाडेल्फियाच्या नाण्यांत दोन प्रकार आहेत. काहींची किनार अरुंद, साल तिच्यापासून लांब. थोड्यांची किनार रुंद, साल तिला जवळजवळ टेकलेलं. हे दुसरं हवं असतं. मूठभरात एक निघालं, आणि बऱ्यापैकी स्वच्छ. दर्शनी किमतीच्या कित्येक पटीने मी ते तिथल्या तिथे घेतलं. गृहस्थांना त्यातही फारसा आनंद झाला नाही. त्यांचा जीव साकाजावेआत होता.

संध्याकाळी ४.१५

उजेड जायला लागला. सकाळी उबेला आलेली पार्सलं आता उघडली. दोन्ही एकाच घरची; ओळखीतलं मराठी कुटुंब, दर धनत्रयोदशीला एक चांदीचा ईगल घेतात. एक औंस शुद्ध चांदी, दर्शनी किंमत एक डॉलर, १९८६ पासून चालू. लक्ष्मीपूजनाला हे नाणं चांगलं, चांदी खरी आणि वजन सरकारी. मिनेसोटात २०१३ च्या कायद्याने ठरावीक उलाढालीपुढच्या बुलियन विक्रेत्याला राज्याच्या वाणिज्य खात्याकडे नोंदणी करून हमी ठेवणं बंधनकारक केलं. फोनवरून म्हाताऱ्यांना लुबाडणाऱ्या काहींनी तशी वेळ आणली.

पण या वर्षी कुटुंबाने टीव्हीवरच्या जाहिरातीला भुलून तीच नाणी प्लॅस्टिकच्या सीलबंद स्लॅबमध्ये, वर ७० चा शिक्का असलेली, दुपटीने घेतली आणि आता मला विचारतायत, बरोबर केलं का. नाण्यांची प्रत १ ते ७० मोजतात. ७० म्हणजे पाचपट भिंगाखाली दोष नाही. १८९० च्या डॉलरला ही मोजपट्टी फार मोलाची. आजच्या टांकसाळीतून मात्र ६९ आणि ७० ढिगाने निघतात, आणि दोघांतला फरक मी तरी रोज पैज लावून सांगू शकणार नाही. ‘फर्स्ट स्ट्राइक’ या लेबलाचा अर्थ ठशाखालून पहिलं निघालेलं असा नाही. विक्री सुरू झाल्यापासून साधारण महिन्याभरात ते तपासणीला पोचलं, एवढाच आहे. लेबलाला भाव देणारा दुसरा माणूस सापडेपर्यंत ते लेबलच आहे. शिवाय या नाण्यांवर कधीकधी वर्षभराने दुधाच्या थेंबासारखे पांढरे डाग उठतात, स्लॅबमध्ये असली तरी. यातल्या एकावर उठलाय.

अपवाद आहेतच. १९९५ सालचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे वेस्ट पॉइंटच्या अक्षराचा प्रूफ ईगल सुटा विकलाच नव्हता. महागड्या सोन्याच्या संचाबरोबर द्यायचे. जेमतेम ३०,१२५ पाडले गेले. लोकांना तेव्हा संच परवडला नाही, म्हणून आज तो हजारोंत जातो. पुन्हा तेच: तेव्हा कमी लोकांनी घेतला, म्हणून.

त्यांना लिहून कळवलं: चांदीच्या भावाला विकायची घाई करू नका, वरचे पैसे गेले असं समजा, पुढच्या वर्षी बिनस्लॅबचं घ्या.

संध्याकाळी ६.००

पुण्याहून भाच्याचा फोन. तिथे पहाट व्हायची असते, पण त्याला झोप नव्हती. २०१२ चं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं दहा लाखांना जातं, असा व्हॉट्सअॅपवर निरोप फिरतोय, आणि ‘नोंदणी शुल्क’ मागतायत. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सांगितलंय की अशा खरेदी-विक्रीत ती नाही आणि शुल्कही घेत नाही. पैसे भरू नकोस, झोप, म्हटलं.

रात्री ८.३०

दिवसाचा हिशेब: दोन आयझेनहॉवर, एक सुझन. तिघांना वेगळी पाकिटं, साल, अक्षर, वजन, कुणाकडून घेतलं ते वहीत. उद्या बँकेच्या लॉकरमध्ये. माल मी घरात ठेवत नाही. सकाळची पेटी पुन्हा रोलमध्ये बांधली.

तेवढ्यात मिरजेच्या काकांचा फोन.

‘ताई, तुमचं ऐकून मॉलमध्ये कॉफीला उभा राहिलो. त्या पोराने नाणी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, इथे टोकन चालत नाही. मॅनेजरला बोलावलं. तोही बघत बसला. शेवटी मुलाच्या कार्डावर कॉफी प्यालो.’

‘काका, ते खरं चलन आहे. त्यांनाच माहीत नाही.’

‘ते असू दे. इथं कुणी ओळखतसुद्धा नाही, म्हणजे दुर्मीळच की! तुम्ही घ्या. पाचाचे सहा द्या.’

‘पाचाचे पाच देईन.’

‘आणि ती शिवराई वर टाकली तर?’

‘शिवराई तुम्ही देव्हाऱ्यात ठेवा. पाच.’

काका जरा थांबले. मग म्हणाले, उद्या सकाळी येतो, पण नोटा द्या.